मृग ते मृग : एका छोट्या इतिहास मंडळाचं वर्ष

आमच्या मंडळाचं वर्ष मृगाला सुरू होतं. जमाखर्चाचं नवं वर्ष एप्रिलात लागतं, पण ते खजिनदारांच्या वहीपुरतं. कामाचं वर्ष पहिल्या पावसाबरोबर. ही पद्धत आम्ही मुद्दाम धरून ठेवली आहे, कारण आम्ही जे कागद वाचतो त्यांच्यातलंही साल मृगालाच बदलतं. मराठेशाहीच्या दफ्तरात शुहूर सन चालायचा. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवं साल, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतकऱ्याची पेरणी, सरकारची सारावसुली आणि कारकुनाची नवी वही एकाच दिवशी सुरू व्हायची.

मी निवृत्त शिक्षिका. सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचं मंडळ आहे आणि मी त्याची कार्यवाह. वाचनालयाच्या माडीवर एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, एक स्कॅनर आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा, एवढाच आमचा संसार. सभासदांत एक निवृत्त तलाठी आहेत, एक औषधांचे दुकानदार, एक वकील, कॉलेजात शिकणारी काही मुलंमुली आणि एक गवंडी. गवंडीकाकांना मोडी येत नाही, पण कुठला वाडा कधी पाडायचा ठरलाय हे त्यांना सर्वांत आधी कळतं. मंडळाच्या दृष्टीने ही बातमी फार मोलाची असते.

लोक मला विचारतात, ‘बाई, इतिहास तर पुस्तकात छापून झालाय. तुम्ही आता नवीन काय करता?’ उत्तर सोपं आहे. पुस्तकात राज्याचा इतिहास आहे. गावाचा इतिहास अजून पेट्यांत, माळ्यावर, देवळाच्या ओवरीत आणि शाळेच्या कपाटात पडून आहे, आणि त्यातला थोडा दरवर्षी नाहीसा होतो. तो जायच्या आत वाचायचा, लिहून ठेवायचा, एवढंच काम. पण ते वर्षभर पुरतं.

पावसाळ्यात आम्ही बाहेर पडत नाही. आषाढ-श्रावण म्हणजे मोडीचा वर्ग. संध्याकाळी दिव्याखाली टेबलाभोवती सगळे बसतात आणि नवी मुलं पहिल्याच ओळीला अडतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. बोरू शक्य तो उचलायचाच नाही. त्यामुळे दोन शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, ती दीर्घ. उकार एकच, तो ऱ्हस्व. शब्द कुठे संपला हे अर्थावरून ओळखायचं. शिवाय कारकून घाईत, त्यामुळे संक्षेप फार. ‘राजश्री’चा नुसता ‘रा’ आणि पुढे दंड. मुसलमानी महिन्याच्या तारखेआधी ‘छ’. पत्र पोहोचलं त्या दिवसाची नोंद ‘पैवस्ती’ म्हणून वेगळ्या हाताने कोपऱ्यात. ही कोपऱ्यातली नोंद मुलं सुरुवातीला सोडून देतात. मी ती आधी वाचायला लावते. पत्र कधी लिहिलं यापेक्षा ते कधी हातात पडलं हे पुष्कळदा जास्त महत्त्वाचं असतं.

मग तारखा. सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात आणि एकं-दहंपासून उलटे चढत जातात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे हे साल १७६०च्या पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झालं आणि १७६१च्या मेअखेरीच्या सुमारास संपलं. मी फळ्यावर ही बेरीज करते आणि थांबते. वर्गातलं कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पानिपत.’ १४ जानेवारी १७६१ याच सालात येते. त्या सालाचा एखादा साधा वसुलीचा कागद हातात आला, तरी मुलं तो वेगळ्या नजरेने बघतात. ज्या घरातला तरुण उत्तरेत गेला होता, त्या घराचा सारा कुणी भरला? असा प्रश्न एका मुलीने विचारला होता. तो तिचा तिने विचारला, याचा मला आजही आनंद आहे.

पावसाळ्यातलं दुसरं काम कागदांच्या प्रकृतीचं. दमट हवेत रुमाल उघडायचे नसतात, पण ते तपासावे मात्र लागतात. जुनी दफ्तरं चौकोनी कापडात गुंडाळून बांधलेली असतात, त्यालाच रुमाल म्हणतात. जुनी माणसं त्यात वेखंडाची कांडी आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवत, आम्हीही ठेवतो. कसर लागली की कागदाला नागमोडी चरे पडतात. वाळवी लागली तर चऱ्यांऐवजी नुसती माती हाती येते. नव्या सभासदांना सगळ्यांत नवल वाटतं ते याचं, की अडीचशे वर्षांपूर्वीचा हातकागद अजून मऊ आणि चिवट असतो, आणि १९३०-४०च्या सुमारासचा गिरणीचा कागद बोट लागताच तुटतो. लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदातलं आम्लच त्याला आतून जाळतं. काजळाची शाई उडत नाही. इंग्रजी अमदानीतली लोहयुक्त शाई आधी तपकिरी होते आणि मग जिथे अक्षर होतं तिथे भोक पडतं. कधीकधी घडी उलगडताना बारीक वाळू टेबलावर सांडते. ओली शाई टिपायला कारकुनाने टाकलेली ती वाळू आहे, हे कळल्यावर आमच्यातला एक मुलगा ती झटकून टाकायला तयार होईना. त्याने ती पुडीत बांधून, रुमालाचा क्रमांक घालून ठेवली. मी त्याला अडवलं नाही.

वाचकांनी एक गोष्ट मात्र कृपा करून लक्षात ठेवावी. जुना कागद लॅमिनेट करू नका आणि त्याला चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकमध्ये उष्णतेने चिकटवलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही आणि आतल्या आत त्याचा नाश चालू राहतो. प्रेमापोटी लोक हेच आधी करतात.

या कागदांत असतं काय? पेटी उघडली की घरातली थोरली माणसं एकच विचारतात, ‘बाई, ह्यात पुरलेलं काय लिवलंय का बघा.’ धन निघत नाही, कर्ज निघतं. कर्जरोखे, गहाणखतं, वाटणीपत्रं, पाण्याच्या पाळीचे तंटे, बांधाचे तंटे, देवळाच्या उत्पन्नाचे हिशेब, मानपानाची भांडणं. होळीची पोळी पहिली कुणी टाकायची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वाद.

मला स्वतःला सर्वांत प्रिय आहेत ते महजर. गावात तंटा झाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, शेजारच्या गावांचे जाणते लोक असे सगळे हजर मजलसीत बसून दोन्ही बाजू ऐकायचे आणि निवाडा लिहिला जायचा. त्या कागदाच्या शेवटी ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या असतात. कुणब्याचा नांगर, महाजनाची तागडी, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. अंगठा उठवण्याची रीत पुढे आली. तोवर माणूस आपल्या कामाच्या हत्याराने सही करत होता. आणि बाईची निशाणी बांगडी. आमच्याकडच्या एका कागदात नवऱ्यामागे दिराकडे अन्नवस्त्र मागणाऱ्या एका बाईची बांगडी आहे, एका दमात काढलेलं थोडं लंबुळकं वर्तुळ. तिचं नाव वर मजकुरात आहे, तिच्या घराण्याच्या वंशावळीत नाही. वंशावळ पुरुषांची आहे. ती बाई या एकाच कागदामुळे आपल्यापर्यंत पोचली. असा एक कागद रद्दीत गेला की एक माणूस जगलंच नव्हतं असं होतं, हे मी वर्गात सांगते तेव्हा माझा आवाज चढतो, आणि तो चढावा असंच मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर आमच्या मंडळात वर्षभर वाद चालतो. सापडलेले कागद न्यायचे की त्या घरीच ठेवायचे?

आमच्या आधीच्या मोठ्या पिढ्यांनी कागद नेले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा शोध मुळात कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी सुरू केलाच नाही. १८७८ साली ‘काव्येतिहास संग्रह’ मासिक निघालं आणि बखरी, पत्रं छापून लोकांसमोर यायला लागली. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हे शाळामास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांचं दफ्तर वाचलं आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना आमच्या या कृष्णाखोऱ्यातच, वाईत, पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. हा माणूस गावोगाव पायी हिंडला, स्वतःच्या हाताने रांधून खाल्लं, लोकांच्या ओसरीवर बसून दफ्तरं मागितली. १९१० साली पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते वारले आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांचे कागद सांभाळण्यासाठी. आमच्यासारखी लहान मंडळं याच झाडाच्या फांद्या आहेत.

त्या पिढीने कागद नेले म्हणून ते वाचले, हे मी मान्य करते. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणं, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्या शकावलीत शिवाजी महाराजांची जन्मतिथी होती, शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर सर्वत्र १६२७ साल धरत होते. पुढे तंजावरकडे सापडलेलं ‘शिवभारत’ आणि जोधपूरकडची कुंडली यांनी त्या तिथीला दुजोरा दिला, आणि आज सरकारी शिवजयंती त्याच तारखेला होते. मावळातल्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कागदांनी हे केलं. प्रत्येक घरात शकावली नसते, हे खरं. पण कुठल्या घरात आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळीच घरं बघावी लागतात.

तरीही माझं म्हणणं असं, की कागदाचा निम्मा अर्थ त्याच्या जागेत असतो. कुठल्या गावात, कुणाच्या घरात, कुठल्या रुमालात, कुठल्या कागदाशेजारी तो होता, हे गेलं की उरतं ते सुटं पान. मोर्तबाचं सुबक पत्र तेवढं उचलून संग्राहकाला विकलं जातं, त्याच्या भोवतीचे हिशेबाचे चिटोरे रद्दीत जातात, आणि मग ते पत्र कुणाला, कशाबद्दल लिहिलं होतं हे सांगणारं कुणी राहत नाही. मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्याखाली घाटावर पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर ती तिकडून आली. ती कुठून आली हे लोकांच्या लक्षात राहिलं, म्हणून ती आजही सगळी हकीकत सांगते. भंगारबाजारात तीच घंटा नुसतं पितळ ठरली असती. नानांच्या त्याच वाड्यातलं दफ्तर मात्र द. ब. पारसनिसांच्या हाती गेलं. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात होता, तो १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात हलला. तिथे तो उत्तम राहिला. पण मेणवलीच्या शाळेतल्या मुलाला आपल्या गावाचे कागद बघायचे तर पुण्याचा रस्ता धरावा लागतो.

आमचे तलाठीकाका माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, ‘बाई, तुम्ही कागद घरात ठेवा म्हणता, घर राहतंय कुठं?’ त्यांचं बरोबर आहे. मालक पुण्या-मुंबईला, वाड्याला कुलूप, भाऊबंदांत दावा, आणि एक दिवस जेसीबी. म्हणून आम्ही एक रीत ठरवून घेतली आहे. रुमाल सोडण्याआधी तो बांधलेल्या स्थितीत फोटो काढायचा. मग आहे त्याच क्रमाने एकेक कागद टिपायचा, क्रम बदलायचा नाही, ‘महत्त्वाचा’ कागद वेगळा काढायचा नाही. यादीची एक प्रत मालकाला, एक आम्हाला. घर नांदतं असेल तर कागद घरीच, नव्या सुती रुमालात बांधून. घर जाणार असेल तर मालकाच्या लेखी संमतीने अख्खं दफ्तर, सुटं पानसुद्धा न काढता, एखाद्या कायमच्या संस्थेकडे सोपवायचं. आमची माडीवरची खोली ही कायमची जागा नव्हे, हे आम्ही स्वतःला बजावत असतो. मंडळ चालवणारे आम्ही बहुतेक साठीच्या पलीकडचे. उद्या वाचनालयाला ती खोली लागली तर आमच्या कपाटांचं काय? याचं उत्तर आज तयार नसेल तर दुसऱ्याचे कागद ठेवून घेण्याचा आपल्याला हक्क नाही.

दसरा-दिवाळीचे आठवडे आम्हाला सर्वांत धास्तीचे. घरोघर साफसफाई निघते आणि माळे रिकामे होतात. म्हणून भाद्रपदातच आम्ही गावातल्या रद्दीवाल्यांना भेटतो. त्यांना मोडी अक्षराचा नमुना दाखवून ठेवला आहे: असं दिसलं तर तोलू नका, फोन करा, रद्दीच्या भावापेक्षा जास्त देऊ. हा उपाय कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त लागू पडला. गेल्या दिवाळीत याच वाटेने एका बंद पडलेल्या शाळेची जनरल रजिस्टरं आली. विद्यार्थ्याचं नाव, जात, जन्मतारीख, बापाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण. १८९६च्या शेवटी मुंबईत शिरलेला प्लेग पुढे आमच्या जिल्ह्यात पसरला तेव्हा लोक गाव सोडून रानात खोप्या घालून राहिले, हे सगळ्यांनी आजीकडून ऐकलेलं असतं. रजिस्टरात त्याचा दुसरा चेहरा दिसतो. पानामागून पान मुलं दाखल झालेली, आणि मग एका टप्प्यावर शेवटच्या रकान्यात तेच ते कारण, एकाखाली एक. आम्ही ती पानं वाचली त्या संध्याकाळी दुसरं काही वाचलं नाही.

दिवाळीनंतर ऊन तिरकं होतं, गवत वाळतं, आणि आम्ही बाहेर पडतो. हिवाळा दगडांचा. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ आहे. लढाईत किंवा गाईगुरं सोडवताना पडलेल्या माणसाची ही स्मारकशिळा. ती खालून वर वाचायची: तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाईंचा कळप आणि आडवा पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. माथ्याला चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतोवर त्याची कीर्ती राहो. बहुतेकांवर नाव नाही. गावाला तो देव वाटतो, शेंदूर लागतो, नारळ फुटतो, आणि आमची त्याला काही हरकत नाही. शेंदराच्या पुटाखाली दगड बहुधा शाबूत असतो. आम्ही हात जोडून विनंती करतो ती एवढीच, की जीर्णोद्धार करताना त्याला ऑइल पेंट देऊ नका, यंत्राने घासू नका, सिमेंटमध्ये बसवू नका. ग्रामस्थांच्या बैठकीत हे बोलायला बळ लागतं. वर्गणी जमलेली असते, रंग आणलेला असतो, आणि आपण बाहेरून येऊन थांबा म्हणतो. उपदेश केला तर कुणी ऐकत नाही. त्याच गावातल्या शाळेच्या मुलांना दगड वाचायला शिकवलं आणि त्यांनी बैठकीत आपल्या आजोबांना समजावून सांगितलं, तर पुष्कळदा रंगाचा डबा परत दुकानात जातो.

झिजलेला शिलालेख वाचायला पूर्वी लोक पीठ, खडू, कोळसा चोळत. त्याने दगड खराब होतो आणि वाचणाऱ्याच्या मनातलं अक्षर दगडावर उमटतं. आम्ही दिवेलागणीनंतर जातो आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश टाकतो. दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर सावल्या पडतात आणि ओळी वर येतात. विजेरी फिरवत वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले की एका फोटोत हरवलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं. ठसा घ्यायचा तर ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वाळत आला की शाईची गादी हलक्या हाताने फिरवायची. ही विद्या पुण्याहून आलेल्या एका अभ्यासकाने आमच्या गवंडीकाकांना शिकवली आणि आता त्यांच्या हातचा ठसा सर्वांत स्वच्छ येतो. दगडाचा स्वभाव त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतो.

हिवाळ्यात शाळांच्या सहली घेऊन आम्ही साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर जातो. शके १६४१ ते १६४६ या काळात, शाहू महाराजांच्या अमदानीत वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. पायऱ्या उतरून गेलं की आत चक्क महाल आहे, आणि वर बारांहून जास्त मोटा एकदम चालतील अशी सोय. मुलांना तिथला शिलालेख मी मुद्दाम त्यांच्याकडूनच वाचवते. देवनागरीच आहे, पण भिंतीवरचं वाचायची सवय नसते. एकदा जमलं की परतीच्या वाटेवर ती मुलं प्रत्येक देवळाचा उंबरा तपासत येतात.

याच दिवसांत शेतकरी नांगरटीत सापडलेली नाणी घेऊन येतात, बहुधा तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. सुटं नाणं बघून, वजन करून, जागा नकाशावर मांडून आम्ही परत देतो. हंडा किंवा ढीग निघाला तर मात्र १८७८चा निखात निधीचा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. हे ऐकून एखाद्याचा चेहरा उतरतो. पण मी सांगायचं टाळत नाही.

२०२३ सालच्या सप्टेंबरात राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्ममृत्यूच्या गावनोंदी, महसुली कागद, शाळांची रजिस्टरं यातलं जुनं पुष्कळसं मोडीत. ज्या लिपीच्या वर्गाला मुलं मिळत नव्हती, तिच्या वाचकांना जिल्ह्याजिल्ह्यातून बोलावणी यायला लागली. आमच्या माडीवर तेव्हापासून लोकांचा राबता आहे. पणजोबाच्या नावाचा कागद छातीशी धरून आलेला माणूस समोर बसला की जबाबदारी जाणवते. आमचा नियम एकच, आणि तो पहिल्याच वाक्यात सांगतो : जे लिहिलंय ते वाचू, जे नाही ते वाचणार नाही, आणि अक्षर लागलं नाही तर ‘लागत नाही’ असं लिहून देऊ. काहीजण रागावून जातात. पण याच निमित्ताने कितीतरी घरांनी आपल्या पेट्या पहिल्यांदा उघडल्या, आणि नोंद बघायला आलेली काही तरुण पोरं मोडी शिकायला थांबली. त्यातली एक मुलगी आता माझ्यापेक्षा भरभर वाचते.

फाल्गुन-चैत्रात यात्रा-जत्रा. तेव्हा आम्ही जुन्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करतो. मुलं-नातवंडं गावी आलेली असतात, घर भरलेलं असतं, आणि भरल्या घरात म्हातारी माणसं मोकळी बोलतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या कोयना भूकंपाची आठवण अजून ताजी सांगणारे आहेत. कुणाची गुरं दावणीला होती, कुठली भिंत आधी आली, रात्री उघड्यावर कोण कुणाच्या शेकोटीला बसलं. दक्षिणेकडून हेळवी येतात, घराण्याच्या वंशावळी तोंडपाठ म्हणून दाखवतात; त्यांची वही आणि आमचे कागद जुळवून बघणं हा मोठा आनंदाचा कार्यक्रम असतो. दोन्हींत फरक निघाला तर आम्ही दोन्ही लिहून ठेवतो.

वैशाखात वार्षिक सभा. यंदा उपस्थिती चांगली होती, वकीलसाहेबांनी संमतीपत्राचा नवा मसुदा वाचला, स्कॅनर बदलण्याचा ठराव पैशाअभावी पुढे ढकलला गेला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका यादीवर. गवंडीकाका दरवर्षी ती आणतात : पाऊस लागायच्या आत उतरवायच्या वाड्यांची. यंदाच्या यादीत नदीकडच्या आळीतला एक चौसोपी वाडा आहे. मालक पुण्यात असतात. फोनवर फार नीट बोलले, म्हणाले, ‘माळ्यावर दोन पेट्या आहेत, तुम्ही सगळं घेऊन जा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.’ त्यांना मी सांगितलं की आम्ही रविवारी येतो, पण तुम्हीही या, आणि येताना आईंना घेऊन या. त्या या घरात सून म्हणून आल्या, कुठल्या पेटीत कुणाचं काय आहे हे त्यांनाच ठाऊक असणार.